डमी अक्का

गाणं म्हणण्याआधी डमी अक्का दोन्ही हातांतल्या बांगड्यांवर रुमाल बांधायच्या. माईकमध्ये किणकिण नको. खरं तर ते गाणं बाहेर कुणीच ऐकणार नसायचं.

धुळ्याच्या आमच्या स्टुडिओत लग्नाच्या अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी निघायच्या, पुढे सीड्या, मग मोबाइलवरचे व्हिडिओ. मी रेकॉर्डिंगला बसायचो. नावाजलेली गायिका येण्याआधी, तिला चाल कळावी म्हणून, कुणीतरी ते गाणं म्हणून ठेवायचं. त्याला डमी म्हणतात. गायिकेचा आवाज भरला की डमी पुसायची. अक्कांनी उभा जन्म हेच काम केलं आणि खरं नाव मागे पडून त्या डमी अक्का झाल्या.

"अक्का, एखादं गाणं तुमच्याच आवाजात काढू या," मी म्हणायचो.

"मी फक्त वाट दखाडस, भाऊ. चालनारा येगळा शे."

मालकही विषय बदलायचे. विकायला नाव लागतं, म्हणायचे. अक्कांना मात्र गायिकेचा राग नसायचा. काचेपलीकडे तिची एखादी जागा छान आली की त्या माझा दंड दाबत, "दख, कशी लिधी!"

गेल्या वर्षी अक्कांचा घसा बसला तो सुटेचना. डॉक्टरांनी गाठ सांगितली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनच्या आधी त्या मुलीला घेऊन माझ्या घरी आल्या. स्टुडिओ केव्हाच बंद झालाय, उरलंसुरलं सामान माझ्या मागच्या खोलीत असतं. घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आते ठेव भाऊ, एक गानं. पोरीसाठे."

मी माईक लावला. पहिली ओळ कशीबशी आली. वर चढताना आवाज फाटला, मग नुसती हवा. पाणी प्यायल्या, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"जुनं काहीच नाही का हो, मामा?"

सगळं पुसण्यासाठीच तर गायलेलं.

अक्कांनी हेडफोन काढून ठेवला. "ऱ्हाऊ दे, भाऊ," म्हणाल्या. मी ऐकलेले त्यांचे ते शेवटचे शब्द.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, हेही काही कमी नाही. आता त्या खुणांनी बोलतात, आणि आम्ही अर्धं चुकीचं समजतो.

यंदा पिंपळनेरला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. हळदीला नेमकं, ज्याची डमी त्यांनी गायली होती असं एक गाणं लागलं, गायिकेच्या आवाजात. बायका सोबत म्हणू लागल्या. गळ्याभोवती पदर लपेटून अक्काही ओठ हलवू लागल्या. शेजारी नवरदेवाकडची एक म्हातारी होती, तिला काही ठाऊक नव्हतं. तिने त्यांना कोपराने ढोसलं.

"जोरमा म्हन ना वं माय! लाजस कसाले?"

मी उठलो. तिला काहीतरी सांगायलाच हवं होतं. अक्कांनी हातानेच मला बस म्हटलं आणि म्हातारीकडे बघून तोंड आणखी मोठं उघडलं.



"आते कशी!" म्हातारी खूश झाली.