ढोलीखालच्या घोषणा

नव्या रस्त्यासाठी देवराईतल्या जुन्या बेहड्यावर तोडीचा पांढरा पट्टा मारलाय. झाड आतून पोकळ, म्हणून निकामी, असं रस्तेवाल्यांचं म्हणणं. निकामी! त्याच पोकळीत धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून पिलासह बसली आहे. चोचीएवढी फट तेवढी उघडी. नर फळं आणील तेव्हाच दोघांनी खायचं. त्याने रानभर टाकलेल्या बियांतून उद्याचं रान उगवतं, आणि त्यातलंच एखादं झाड म्हातारं होऊन पुढच्या मादीला घर देतं. यातलं निकामी काय, ते पट्टा मारणाऱ्याने मला सांगावं.

आम्ही सकाळपासून झाडाखाली घोषणा देत होतो. सगळ्यांत मोठा आवाज माझा. दुपारी देवराईचे गुरव, आबा, आले आणि माझ्यावरच खेकसले, "गप रव गो! तुझ्या बोंबलण्यान तो येणा नाय."

मी वर पाहिलं. पलीकडच्या फांदीवर नर ताटकळत होता, चोचीत लाल उंबर. फटीतून मादीची रिकामी चोच बाहेर येई, पुन्हा आत जाई. तिला वाचवायला आलेल्या आम्हीच तिला उपाशी ठेवलं होतं.

पत्रकं गोळा करून आम्ही मुकाट मागे सरलो. बराच वेळ काहीच हललं नाही. मग डोक्यावरून पंखांचा जड आवाज गेला.

आता आम्ही खाली फाट्यावर बसतो, करवतीची गाडी जिथून येणार तिथे. तिथे मात्र मी गप बसणार नाही.