कायमचा पंच

माझे वडील भुजंग. लातूरला एका पोलीस चौकीसमोर त्यांचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार पत्रे, एक बाकडं आणि एक शेगडी. मी त्यांना अप्पा म्हणायचो. चौकीतले लोक त्यांना पंच म्हणायचे, आणि त्या शब्दाची मला लहानपणापासून लाज वाटायची.

पंचनाम्याला दोन साक्षीदार लागतात. काय जप्त झालं, कुठून झालं, हे समक्ष पाहिलं म्हणून त्यांनी सही करायची असते. पण कामधंदा सोडून चौकीत कोण जाणार? मग हवालदार लिहिलेला कागद घेऊन थेट हॉटेलवर यायचा. अप्पा चहा गाळता गाळता थांबत, हात पुसत आणि सही ठोकत. कशावर, ते विचारायचं नाही. दुसरा पंच शेजारचा पंक्चरवाला.

ही सवय लागली भूकंपात. त्र्याण्णवला आमचं औशाकडचं गाव झोपेतच पडलं. पंचनामे करायला आलेल्या साहेबांना सही येणारी आणि मेलेल्यांना ओळखणारी माणसं हवी होती. अप्पा चौथी पास. त्यांनी दोन दिवसांत सत्तावन्न प्रेतं ओळखली आणि तितक्या सह्या केल्या. त्यातलं एक प्रेत त्यांच्या आईचं होतं. त्या सह्या मात्र डोळ्यांनी पाहून केलेल्या होत्या. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही माझा तोरा काही उतरला नाही.

लातूरच्या रिवाजाप्रमाणे मलाही डॉक्टर करायचं ठरलं होतं. क्लास लावून मी दोनदा आपटलो आणि नांदेडच्या एका कॉलेजात गेलो. तिथे फौजदारी न्याय आणि कॉम्प्युटर फॉरेन्सिक शिकवत. मोबाइलमधून पुसलेला फोटो परत कसा काढायचा, त्यात कुणी फेरफार केला नाही हे कोर्टात कसं दाखवायचं, असलं सगळं. नातेवाईक विचारायचे, ‘म्हंजे पोलीस होनार का?’ मी इंग्रजीत काहीतरी फेकायचो आणि ते माना डोलवायचे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी गेलो तर अप्पांना समन्स आलेलं. मेडिकलच्या क्लाससाठी होस्टेलवर राहणाऱ्या एका मुलीचं तिथल्या रखवालदाराने न्हाणीघरात चोरून चित्रण केलं होतं. त्याचा मोबाइल जप्त झाला होता आणि त्या पंचनाम्यावर अप्पांची सही होती.

‘अंगद, म्या तर मोबाइल बघितलाच न्हाई रे,’ अप्पा म्हणाले. ‘कोर्टात काय सांगू आता? खरं खरं सांगून टाकू का?’

‘खरं सांगितलं तर तो सुटंल, अप्पा. मग त्या पोरीनं काय करायचं?’

मी काही चुकीचं बोललो नव्हतो. पण खरं म्हणजे मला त्या पोरीपेक्षा स्वतःची विद्या दाखवायची घाई झाली होती. तीन दिवस मी अप्पांचा क्लास घेतला. ‘मोबाइल माझ्यासमोर खाकी पाकिटात घातला, लाखेचं सील लावलं, लेबलवर मी सही केली.’ अप्पा कप विसळता विसळता पाठ करायचे. चुकले की मी गिऱ्हाइकांसमोर डाफरायचो.

फेब्रुवारीत मुज्तबा सरांनी आमच्या वर्गाला कोर्टाचं कामकाज दाखवायला लातूरला आणलं. खटला कुठला, ते आम्हाला माहीत नव्हतं; अप्पांची तारीख पुढे पुढे जात राहिली होती आणि मीही ती विचारणं सोडलं होतं. आम्ही बाकांवर बसलो, वह्या उघडल्या, आणि पुकारा झाला तो अप्पांच्या नावाचा.

इस्त्रीचा सदरा घालून अप्पा पिंजऱ्यात उभे राहिले. पुढच्या बाकावर ती मुलगी आईला चिकटून बसली होती. अप्पांनी पाकीट, लाख, लेबल, सगळं धडाधड म्हणून दाखवलं. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला.

मग आरोपीचे वकील उठले. ‘मोबाइल कोणत्या रंगाचा होता?’

हा प्रश्न मी घेतलाच नव्हता. मोबाइल मी तरी कुठे पाहिला होता!

‘काळा,’ अप्पा म्हणाले.

वकिलांनी पाकिटातला मोबाइल वर धरला. लालभडक. आमच्या बाकांवर खसखस पिकली. शेजारची लायबा कुजबुजली, ‘भाड्याचा पंच दिसतोय.’ मी हसलो. माझ्या बापाला मी हसलो. हे लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

नेमकी तेव्हाच अप्पांची नजर माझ्यावर पडली.

‘हे सील, हे लेबल तुम्हाला कुणी पढवलं?’ वकिलांनी विचारलं. ‘पोलिसांनी?’

‘न्हाई साहेब.’

‘मग घरात कुणी शिकलेलं आहे?’

अप्पांनी नजर काढून घेतली. ‘एक पोरगं हाय साहेब. पर त्ये शिकलं न्हाई.’

मी उठायला हवं होतं. हा माझा बाप आहे, पढवलं ते मी, एवढंच सांगायचं होतं. मी वहीत मान घातली. पुढच्या बाकावरून ती मुलगी उठली आणि आईचा हात धरून बाहेर निघून गेली.

परतीच्या बसमध्ये मुज्तबा सर म्हणाले, ‘आज एका साक्षीनं सरकार पक्षाची बाजू ढासळली. सांगा बघू, चूक कुणाची?’

सगळ्यांच्या आधी माझा हात वर गेला.

‘पंचाची, सर.’