कव्वालीत मधेच उठलो त्याची गोष्ट

गुरुवारी दुपारी दर्ग्यात कव्वाली रंगात आली असताना मी मधेच उभा राहिलो. कारण एवढंच, की मांडी घालून घालून माझा उजवा पाय पार बधिर झाला होता.

आमचा जिल्हा फोडून नवे जिल्हे केले त्या वर्षीची ही गोष्ट. गाव नव्या जिल्ह्यात गेलं. जमिनीचे कागद कुठे गेले, ते कोणालाच सांगता येईना. त्यासाठी सरकारी ऑफिसच्या चकरा मारून मी इतका थकलो होतो, की ऑफिसातून निघालो की बस सुटेपर्यंत जवळच्या दर्ग्यात जाऊन टेकायचो. भक्तीसाठी कमी, सावलीसाठी जास्त. तिथला म्हातारा कव्वाल ओळखीचा झाला; गावाकडच्या शेतकऱ्याला म्हणतात तसं मला 'पटेल' म्हणायचा. फकिरांचं डफावरचं गाणं वेगळं, बायका जात्यावर म्हणायच्या ती दखनी गाणी वेगळी, हे त्यानेच मला गाऊन दाखवलं. त्याची स्वतःची चाल संथ, एकच ओळ घोळवत बसणारी. लोकांना आता बँजो-पॅडवाली पार्टी लागायची. "आज आखरी बैठक, पटेल," त्या दिवशी तो मला म्हणाला होता. "कोई सुनताच नै."

तर मी उठलो. पायाला अशा मुंग्या, की शेजाऱ्याचा खांदा धरून, डोळे मिटून डुलायला लागलो. डोळे उघडतो तर सगळे उभे! मला वाटलं, शेवटची दुआ असेल; चारचौघं उभी असताना आपण कसं बसावं? तिथला रिवाज मला कुठे ठाऊक! गाणं ऐकून कोणाला 'हाल' आला, म्हणजे भान हरपून कोणी उठलं, की सगळ्यांनी उठायचं आणि तो बसेपर्यंत कव्वालाने तीच ओळ म्हणत राहायची. आमच्या घराण्यात भान हरपतं ते फक्त जेवायच्या पानावर. पण ते माझ्यासाठी उभे, मी त्यांच्यासाठी उभा, आणि म्हातारा घामाघूम होऊन तीच ओळ गातोय, आवाज फाटेस्तोवर. शेवटी बायकांच्या बाजूने आमच्या हिने हाताने 'बसा, बसा' केलं. सहीसाठी त्या दिवशी तिलाही आणलं होतं. शेजारणीने तिला रिवाज सांगितला असावा. मी बसलो.

माफी मागायला गेलो, तर म्हाताऱ्याने माझे दोन्ही हात धरले. आवाज उरलाच नव्हता, नुसती हवा.

"तीस बरस में मेरे गाने पे कोई नै उठा था, पटेल. अब गाना छोडता नै मैं. अगली जुमेरात को आना."

पायाचं सांगायला उघडलेलं तोंड मी मिटलं.

बसमध्ये हिला सगळं सांगितलं. तीही शिणली होती, खिडकीला डोकं टेकून ऐकत होती. म्हणाली, "त्यायले सांगतलं नाई ते बरं केलं. पन आता दर गुरवारी या लागन तुमाले. कागद भेटले तरी बी."