लाल टाक्याचं बक्षीस

आमची धाकटी, म्हणजे माझी नणंद, इस्पितळाच्या धुलाई विभागात चादरींच्या घड्या घालते. कौतुकाची तिला भारी हौस. आमटीत मीठ बरोबर पडलं, तरी तिला ते चारचौघांकडून ऐकायचं असतं. त्यामुळे इस्पितळाने ‘कल्पना कक्ष’ काढला आणि कामाची सर्वांत चांगली कल्पना सुचवणाऱ्याचा मोठा फोटो लिफ्टशेजारी लागणार असं जाहीर झालं, तेव्हा फोटोत केस कसे बांधावेत हे तिने आधी ठरवलं. कल्पना मागाहून शोधली.

फार शोधावं लागलं नाही. मोठ्या आणि लहान खाटेच्या चादरी घडी घातल्यावर सारख्याच दिसतात. वर वॉर्डात घाईत ओढलेली नेमकी चुकीची निघायची आणि उलगडली म्हणून पुन्हा घडीला खाली यायची. धाकटी कधीपासून मोठ्या चादरीच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याचा टाका घालत होती, तो वर दिसेल अशी घडी पाडत होती. तिचं पाहून शेजारच्या टेबलावरची करू लागली, मग बाकीच्याही. कुणी कुणाची परवानगी मागितली नव्हती. मार्गदर्शन नसलं की लोक असं काहीबाही करतात.

धाकटीने हाच टाका आपली कल्पना म्हणून कक्षाला कळवला, तेव्हा कक्षाचे साहेब हरखून गेले. तळागाळातल्या प्रतिभेवर त्यांनी भाषण केलं आणि त्याच दिवशी टाका बंद करवला. नवी कल्पना समितीने मंजूर करेपर्यंत वापरायची नाही, असा नियम होता. समितीचे अध्यक्ष कल्पकतेच्या शिबिराला गेलेले, त्यामुळे बैठक लांबली. असलेले टाके उसवायचं काम धाकटीलाच मिळालं. कल्पना तिची, तेव्हा मानही तिचाच.

चादरी पुन्हा उलगडून खाली येऊ लागल्या. बायकांना घरी जायला उशीर होऊ लागला. त्या धाकटीशी बोलेनाशा झाल्या. शेजारची तेवढी बोलली, “लागू दे तुझा फोटो. मनगटं दुखली की त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहू.”

धाकटी माझ्याकडे येऊन रडली. मी म्हटलं, कल्पना परत माग. तर तशी सोयच नव्हती. एकदा प्रोत्साहन मिळालं की माणसाची सुटका नाही.

अखेर ती शेजारचीला सोबत घेऊन साहेबांकडे गेली. साहेबांनी आनंदाची बातमी दिली: टाक्याला पहिलं बक्षीस ठरलं होतं, वापराचं मात्र पुढे पाहू. फोटोवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. धाकटीने केसांवरून एकदा हात फिरवला, असं शेजारची सांगते.

मग म्हणाली, “साहेब, हे नवं नाही हो. आमच्याकडे आधीपासून चालतं. मी उगाच माझं म्हणून सांगितलं.”

“मग सुरू कुणी केलं?”

“कोण जाणे.”

साहेबांचा चेहरा पडला. जुन्या सवयीला बक्षीस देता येत नाही, म्हणाले. आणि जुन्या सवयीशी कक्षाचा संबंधही नाही. तुमचं तुम्ही चालू ठेवा.

दोघी खाली आल्या. शेजारचीने सुई ओवून धाकटीच्या हातात दिली. धाकटी गुमान टाके घालू लागली. थोड्या वेळाने शेजारची तिच्याकडे सरकून म्हणाली, “उशांच्या अभ्र्यांचं मला एक सुचलंय. सांगते. पण आधी ते दार लावून घे.”