लाल गाडीचं गुलाबी चाक

एकट्या माणसाच्या घरात दोन गोष्टी साठत जातात. एक प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि दुसरे किस्से. पिशव्यांचं बरं असतं, एका पिशवीत बाकीच्या कोंबून ठेवता येतात. किस्सा मात्र ज्या दिवशी घडला त्याच दिवशी चहाबरोबर कुणाला तरी सांगावा लागतो, नाहीतर तो शिळा होतो. आई होती तोवर मी तिला सांगायचे. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून प्रत्येक किस्सा दोनदा सांगावा लागे, आणि दुसऱ्यांदा तो जास्त रंगायचा. आई गेली आणि सांगणं थांबलं. घडणं काही थांबलं नाही.

मी रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहते. मुलींच्या शाळेत केमिस्ट्री शिकवून रिटायर झाले. लग्न केलं नाही. माझं नाव आता कुणी घेत नाही, अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मी नुसती 'मॅडम'. गेल्या वर्षभरात माझ्याकडे जे किस्से साठले ते सगळे एका गाडीचे आहेत. गाडी वीतभर लांबीची. प्लॅस्टिकची, लाल, वरून उघडी.

*

ती मी अकरावीत असताना बनवली. सायकलवरून पडले, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि मी खाटेवर. माझे मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला होते. तिथले एक रशियन इंजिनीअर मायदेशी परतताना घरातलं सामान वाटून गेले. कुणाला पंखा मिळाला, कुणाला सोफा. मामांच्या वाट्याला एक खोका आला. त्यात गाडीचे सुटे भाग, गोंदाची नळी आणि एक घडी घातलेला कागद. मामांनी तो खोका माझ्या खाटेवर आणून ठेवला.

कागद रशियन भाषेत होता. मामांना रशियन येतं असं मामा म्हणायचे. दर रविवारी ते यायचे, चष्मा लावायचे, एकेक परिच्छेद मोठ्यानं वाचायचे आणि मग मराठीत अर्थ सांगायचे. परिच्छेद दोन ओळींचा असो की दहा ओळींचा, अर्थ एकच निघायचा: "यात लिहिलंय, घाई करू नका."

मी घाई केली नाही. प्लास्टर निघालं तेव्हा गाडी तयार होती. बाबांनी ती हातात घेतली, फिरवून फिरवून पाहिली आणि आईला म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण पोट्टीनं स्टीअरिंग उलट्या बाजूला लावलं."

*

मग ती गाडी काचेच्या कपाटात गेली आणि तिथंच राहिली. मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, बाबा गेले, धाकटा भाऊ नागपूरला गेला. शेवटी आईचं आजारपण आलं. त्या काळात कपाट कुणी उघडलंच नसेल.

आई गेल्यानंतरच्या दिवाळीत माझ्याकडे काम करणारी दुर्गा म्हणाली की कपाट पुसून घेऊ. मी हो म्हटलं आणि बँकेत गेले. परत आले तर काचेची भांडी, बाबांची अत्तरदाणी आणि गाडी, सगळं भांड्यांच्या साबणानं घासून अंगणात वाळत घातलेलं. गाडीची समोरची काच पिवळी पडली होतीच, आता ती निखळली होती. टायर उन्हाळ्यांनी विरघळून बुडाला चिकटले होते. आणि एक चाक नव्हतं.

मी विचारलं तर दुर्गानं मोरीकडे बोट दाखवलं. चाक नळाखाली निघालं आणि पाण्याबरोबर गेलं. माझा चेहरा पाहून तिला वाईट वाटलं असावं. ती गाडी उचलून माझ्यासमोर धरून म्हणाली, "तीन ठन तो हावय न, मैडम." तीन तर आहेत ना.

ती गेल्यावर मी गाडी घेऊन पायरीवर बसले. खरंच तीन होती. आई असती तर हा किस्सा मी तिला दोनदा सांगितला असता. त्या दिवशी ठरवलं, ही परत उभी करायची. करण्यासारखं दुसरं काही नव्हतंही.

*

रंगापासून सुरुवात केली. हार्डवेअरच्या दुकानात गेले तर दुकानदारानं पहिला प्रश्न विचारला, किती स्क्वेअर फूट. मी तळहात दाखवला. तो म्हणाला, "एवढासा रंग कंपनी बनवत नाही, मॅडम. दीवार रंगाओ, जो बचेगा उससे कर लेना."

भिंत रंगवायची नव्हती. मग मला सुचलं, नेलपॉलिश. गल्लीच्या टोकाला बांगड्यांचं दुकान आहे, तिथं बसणारी मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. मी लाल रंगाच्या जेवढ्या बाटल्या होत्या तेवढ्या काढायला लावल्या, उजेडात धरून पाहिल्या आणि चांगल्या मूठभर घेऊन आले. आयुष्यात मी कधी नेलपॉलिश लावलेलं त्या मुलीनं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारच्या कुसुमताई आल्या. एरवी त्या कुंपणापलीकडूनच बोलतात. आज चांगली साडी नेसून आल्या, आत येऊन बसल्या, माझ्या नखांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "काहून वो मॅडम, आमाले काही सांगतलंच नाही?"

मला आधी कळेना. कळलं तेव्हा मी त्यांना टेबलाजवळ नेलं आणि अर्धी रंगवलेली गाडी दाखवली. त्या वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "नवरदेव जरा लहानच आहे."

आम्ही दोघी इतक्या हसलो की मला डोळे पुसावे लागले. त्या घरात मोठ्यानं हसायला कितीतरी दिवसांत कुणी आलं नव्हतं. जाताना मात्र त्या म्हणाल्या, "मले वाटलं व्हतं, खरंच असंल. बरं वाटलं असतं मॅडम." आणि पदर सावरून निघून गेल्या.

सकाळी पाहिलं तर बॉनेटवर सुरकुत्या पडल्या होत्या. नेलपॉलिशमध्ये जे द्रावक असतं ते प्लॅस्टिक खातं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सगळी नोकरी मी मुलींना हेच शिकवत होते, आणि पेपरात विचारतही होते. मी बारीक पॉलिश पेपर आणला आणि पुढचे कितीतरी दिवस दुपारभर ती बॉनेट घासत बसले. रंग मागाहून एका गणपतीवाल्याकडून मिळाला.

*

चाकाचा प्रश्न राहिलाच. खेळण्यांच्या दुकानांत फिरले, सगळी चाकं मोठी. शेवटी माझीच दाढ दुखायला लागली आणि वाट सापडली.

अर्चना माझी विद्यार्थिनी, आता दातांची डॉक्टर. पंडरीकडे तिचा दवाखाना आहे. ती माझी दाढ तपासत असताना कुणाच्या तरी कवळीचं माप काढलेल्या साच्यावर माझी नजर गेली. मी तोंड उघडं ठेवूनच विचार करत होते. तोंड बंद करायची परवानगी मिळाल्याबरोबर म्हणाले, "असं चाकाचं माप निघेल का?"

दुसऱ्या आठवड्यात गाडी घेऊन गेले. बाहेर बसलेल्या मुलीनं नवीन पेशंट समजून वय विचारलं. मी म्हणाले, पंचेचाळीस तर नक्की. तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. तक्रार काय, असं विचारलं. मी म्हणाले, एक चाक नाही. तिनं पेन खाली ठेवलं आणि आत जाऊन अर्चनाला बोलावून आणलं.

अर्चना माझ्या तासाला मागच्या बाकावर झोपा काढायची. पण त्या दिवशी तिनं गाडीच्या उरलेल्यांपैकी एका चाकाचा साचा इतक्या मायेनं घेतला की बाजूच्या खुर्चीवरचा पेशंट तोंडात कापूस घेऊन उठून बघायला आला. चार दिवसांनी चाक तयार झालं. कवळीच्याच सामानाचं, म्हणजे हिरड्यांसारखं गुलाबी. अर्चना म्हणाली, "चावायच्या कामाचं नाही मॅडम, पण चालेल."

मी ते काळं रंगवणार होते. मग नाही रंगवलं. एवढी माणसं भेटली त्या चाकामुळे, ते ओळखू यायला हवं असं वाटलं.

*

याच दिवसांत माझा भाऊ श्याम फोन करून राहिला होता. घर बंद कर, नागपूरला ये, आमच्याजवळ राहा. दर वेळी मी काहीतरी कारण सांगायचे. एकदा सांगितलं की गाडीचं काम काढलंय, ते झाल्याशिवाय कसं येऊ. त्यानं विचारलं, कोणती गाडी? मी म्हणाले, लाल. तेवढ्यात रेंज गेली.

दोन दिवसांत नातेवाइकांचे अभिनंदनाचे मेसेज सुरू झाले. भाच्यानं विचारलं, "बुआ, ड्राइविंग कब सीखी?" मी सगळ्यांना खरं सांगायला हवं होतं. पण इतक्या लोकांनी एकदम मला काही विचारलं होतं, त्याला किती काळ झाला होता. मी नुसते हात जोडल्याची चित्रं पाठवली.

शनिवारी श्याम स्वतः आला. हातात नारळ आणि झेंडूचा जाडजूड हार. अंगणात पाहिलं, गल्लीत पाहिलं. मग मी त्याला आत नेलं. तो टेबलासमोर उभा राहिला. हार गाडीपेक्षा चौपट मोठा होता. त्यानं हारातलं एक फूल तोडलं आणि बॉनेटवर ठेवलं. मग नारळ कुठं फोडायचा असं विचारलं.

चहा पिताना मी त्याला विचारलं, आठवते का तुला, मी खाटेवर बसून बनवली होती.

"मले नाही आठवत, ताई. मले एवढंच आठवते की तू झोपून राहायची आन् आई मले आवाज करू देत नव्हती."

मला वाटत होतं, मी सोडून ते दिवस आठवणारा अजून एक माणूस शिल्लक आहे. तो समोर बसून बशीत चहा ओतत होता आणि त्याला काहीच आठवत नव्हतं. त्याचा दोष नाही. तो लहान होता.

निघताना त्यानं पुन्हा नागपूरचं काढलं. "इथं कोणाशी बोलतेस तू दिवसभर?" मी म्हणाले, बोलायला आहेत की. त्यानं गाडीकडे पाहिलं.

"फिरते का ही?"

"धकवली तर, बोटानं."

"तुझ्यासारखीच आहे मग," तो म्हणाला, आणि रिक्षात बसला.

*

आता हा शेवटचा. परवाचाच आहे, अजून फारसा शिळा झालेला नाही.

गाडी पुरी झाली होती. मिठाईच्या डब्याच्या पारदर्शक झाकणातून काच कापून बसवली, शेवटचा हात फिरवला आणि टेबलावर ठेवून तिच्यासमोर बसले. दुर्गा सकाळीच काम करून गेली होती. कुसुमताई लेकीकडे गेलेल्या. दुपारी फोन वाजला. कारच्या इन्शुरन्सचा. असे फोन मी कापते. त्या दिवशी नाही कापला.

मुलगी होती, आवाजावरून विशी-बाविशीची. हिंदीत भरभर बोलत होती. आपल्याकडे कार आहे का? मी म्हणाले, आहे. रंग? लाल. खासगी वापराची? हो, अगदी खासगी. कधी अपघात? झाला होता, पण आता दुरुस्त आहे. महिन्याला किती चालते? फारशी नाही, घरातल्या घरात. मी एकही गोष्ट खोटी सांगितली नाही, आणि ती प्रत्येक उत्तर टाइप करत होती. तिच्या मागं खूप मुलींचे आवाज येत होते, सगळ्या कुणाला ना कुणाला हेच विचारत होत्या.

"सीट कितनी हैं, मॅम?"

"दोन."

"आपके साथ और कौन बैठता है?"

ती दोनदा हॅलो म्हणाली. मग मी तिला विचारलं, "तुम बैठोगी?"

टाइप करायचा आवाज थांबला. मागचे आवाज तसेच चालू होते. मग ती अगदी हळू, दुसऱ्याच आवाजात म्हणाली, "मॅम, मेरी शिफ्ट छह बजे छूटती है."