नाखवा थांबत नसे

नाखवा कोणासाठीही थांबत नसे. सलूनमध्ये नंबर लावून तो गिरणीवर दळण टाकी, बोंबलांचा भाव विचारून येई आणि न्हाव्याने हाक मारताच खुर्चीत हजर होई. मुरुडात त्याला उद्धट म्हणत. वडिलांची होडी होती म्हणून हा नाखवा. स्वतः त्याने सुकाणू कधी धरले नाही. मुंबईत संगणकाचे प्रोग्रॅम लिहून तो गावी परतला होता.

मी तहसील कचेरीत ‘बसा, साहेब येतील’ असे लोकांना सांगत निवृत्त झालो आणि वाडीत चार खोल्यांचे लॉज काढले. इंटरनेटवरचे बुकिंगचे पान मीच शिकून लिहिले होते. एका पाहुण्याचे पैसे बँकेत अडकले की मागचे सगळे ताटकळत, आणि कंटाळून दुसरीकडे जात. मुलाने बजावले होते, दिवाळीत खोल्या भरल्या नाहीत तर लॉज बंद.

नाखव्याने पान पाहिले. “अण्णा, ही तुमची कचेरीच हाय. बँकेला निरोप धाडा, पुढच्याला घ्या. उत्तर आलं की पहिल्याला हाक मारा.”

या पद्धतीला रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंग म्हणतात. अडुसष्टाव्या वर्षी मी ती शिकलो. नाखवा शिकवतानाही थांबत नसे. प्रश्न विचारला की ‘चालवून बघा’ म्हणून निघून जाई.

दिवाळीच्या तोंडावर नवे पान सुरू केले. ते क्षणात ‘विनंती मिळाली’ असे सांगे. कोणी ताटकळेना. खोल्याही भरेनात. चौथ्या दिवशी साताऱ्याच्या एका गृहस्थांनी फोनवर विचारले, विनंती मिळाली, पुढे काय? माझ्याकडे त्यांची नोंदच नव्हती.

दोष नाखव्याला लगेच दिसला. या पद्धतीत कामांची साखळी कितीही सुबक जोडली, तरी शेवटी ‘सबस्क्राइब’ लिहून ती मागून घ्यावी लागते. तोवर काहीच हलत नाही. मी साखळी जोडून स्वस्थ बसलो होतो.

“जाळं खुंटाला बांधलंत, ओढायला होडीच न्हाय धाडली,” तो म्हणाला. “कचेरीची सवय, अण्णा. अर्ज घेतला की काम झालं.”

मी ती ओळ घातली. संध्याकाळपर्यंत चारही खोल्या गेल्या. लॉज राहिले.

पुढे नाखव्याला बंगळुरूला नोकरी लागली. मी स्टँडवर पोहोचलो तेव्हा त्याची एस.टी. सुटून वळणावर होती. तिथे पोहोचल्यावर कळवीन म्हणाला होता. कळवले नाही.

आता पानावर तीनच खोल्या दिसतात. समुद्राकडची चौथी मी चढवलेली नाही. सून कारण विचारते. एका माणसासाठी खोली अडवून ठेवणे नाखव्याच्या शिकवणीत बसत नाही, हे मला ठाऊक आहे. आला की बोलेल. मी ऐकून घेईन.