तंबू वाळवलास का?

रमाकांतकाकांना मी शेवटचं भेटले तेव्हा ते हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. नाकात ऑक्सिजनची नळी होती. मी खुर्ची ओढली तसं त्यांनी पहिलं काय विचारावं? "तंबू वाळवलास का?" मी म्हटलं, "हो." वाळवला नव्हता. फेब्रुवारीत स्कॉटलंडहून निघताना भर पावसात गुंडाळलेला तो तंबू त्यांच्या गॅरेजमध्ये, पिशवीत, तसाच ओला पडला होता. परत आल्यावर चौथ्या दिवशी काकांना न्यूमोनिया झाला आणि तंबूकडे बघायला कुणाला वेळच नव्हता... "शिवणी गालाला लावून पाहिल्यास?" "हो, काका." त्यांनी समाधानानं डोळे मिटले. उद्या उठल्यावर पहिलं काम हेच, असं मी ठरवलं. सकाळी सातला हॉस्पिटलमधून काकूंचा फोन आला.

काका म्हणजे माझ्या बाबांचे नागपूरचे वर्गमित्र. मी पुण्याहून नोकरीसाठी लंडनला आले तेव्हा 'खोली मिळेपर्यंत' म्हणून स्टॅनमोरला त्यांच्याकडे उतरले, त्याला पाच वर्षं झाली. तीस वर्षं ते स्लाऊच्या एका गोदामात सुपरवायझर होते आणि फोर्कलिफ्टच्या आवाजानं त्यांचे कान अधू झाले होते. मी इतकी हळू बोलणारी, की शाळेत 'प्रेझेंट मिस' म्हणूनही बाईंनी माझी गैरहजेरी मांडलेली आहे. आमचं पहिलं वर्ष बहुतेक खाणाखुणांवर गेलं. तंबू मध्ये आला नसता तर आमची ओळख झाली असती की नाही, शंकाच आहे.

गोदामातला त्यांचा मित्र ग्रॅहम आणि त्याचे दोन भाऊ दर हिवाळ्यात स्कॉटलंडच्या डोंगरात हरणांच्या शिकारीला जात. काका रिटायर झाल्यावर त्यांच्याबरोबर आचारी म्हणून जायला लागले. आमच्या बुद्धविहारात याची चर्चा झाली. एका ज्येष्ठांनी सरळच विचारलं, "पंचशील म्हणणारा माणूस शिकाऱ्यांच्या कॅम्पात काय करतो?" काका म्हणाले, "पिठलं." ते खरंही होतं. थंडीनं काकडलेल्या तीन इंग्रज शिकाऱ्यांना हा माणूस चार दिवस पिठलं-भात खाऊ घालायचा, आणि ते मागून मागून घ्यायचे. बंदुकीला काकांनी कधी हात लावला नाही. ग्रॅहमचं तर म्हणणं होतं, की काकांच्या फोडणीच्या वासानं अर्ध्या डोंगरातली हरणं आधीच निघून जायची आणि काका ते मुद्दाम करायचे.

तोवर त्यांच्याकडे नायलॉनचा तंबू होता. चार जणांचा श्वास आणि चहाची वाफ रात्रभर छताला चिकटायची आणि सकाळी अंगावर ठिबकायची. एकदा ग्रॅहमच्या मिशांवर बर्फ धरला. काकांनी जाहीर केलं: आता जाड सुती कॅनव्हासचा तंबू घ्यायचा, सरळ उभ्या भिंतींचा, आत माणूस ताठ उभा राहील असा, आणि चुलीचा धूर बाहेर जायला छताला न जळणाऱ्या काठाचं भोक असलेला. मग सुरू झाली निवड. कापडाचे नमुने पोस्टानं आले. काकांनी ते दोरीवर लावून मगानं पाणी ओतलं, किटलीच्या वाफेवर धरले, थंडीत कडक होतात का हे बघायला फ्रीझरमध्ये ठेवले. काकूंना मटारच्या पिशवीखाली तीन चिंध्या सापडल्या. "अहो, हे काय आहे?" "तू हात लावू नको, उद्यापर्यंत ठेवायचंय." "मग उद्यापर्यंत तुमचं जेवणही तिथेच ठेवते."

दुकानात मलाही नेलं. तिथल्या माणसानं विचारलं, किती जण झोपणार? काका म्हणाले, चार. त्यानं चार जणांचा तंबू दाखवला. काका आत गेले, चारी कोपऱ्यांत उभे राहून आले आणि म्हणाले, "कुणी आलं तर?" दुकानदार गोंधळला. डोंगरात? जानेवारीत? सगळ्यात जवळचं घर किती लांब आहे? "अकरा मैल," काकांनी सांगितलं. "तेच म्हणतोय. इतक्या लांबून आलेल्या माणसाला काय बाहेर उभं ठेवायचं?" मला ओशाळल्यासारखं झालं, मी चुलींचे भाव वाचायला लागले. पण काका हटले नाहीत. शेवटी चौघांसाठी बारा जणांचा तंबू आला. तो उचलायलाच चार माणसं लागायची. एवढं तरी गणित जुळलं होतं.

नवा कॅनव्हास आधी भिजवून वाळवावा लागतो, म्हणजे धागे फुगतात आणि शिवणीतली सुईची भोकं बुजतात. हे पत्रकात लिहिलं होतं आणि पत्रक वाचायचं काम माझं होतं. "पोरी, मोठ्यानं वाच. तंबूला नाही, मला ऐकवायचंय." मी मोठ्यानं वाचलं. "अजून." मी ओरडले, "आधी मधली काठी!" शेजारच्या जयाबेननी खिडकी उघडली, मागच्या बागेत मांडवाएवढा तंबू बघितला, मग मला बघितलं आणि विचारलं, "लग्न ठरलं?" त्यानंतर नऊ दिवस पाऊस आला नाही. बागेतल्या नळीचं पाणी काकांना चालेना, पाऊसच हवा. इंग्लंडमध्ये पावसाची वाट बघणारं आमचं एकच घर असेल. दहाव्या दिवशी तो आला तेव्हा काका आत खुर्ची टाकून बसले होते. एक थेंबही आत आला नाही. पाऊस थांबल्यावर तंबू दोन दिवस वाळवला, तेव्हा त्यांनी मला शिवण गालाला लावून बघायला शिकवलं. "हाताला कळत नाही. हात खोटं बोलतात."

चार हिवाळे तो तंबू डोंगरात उभा राहिला. कुणीही आलं नाही. एकदा एक मेंढी आली होती.

...काकांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी हॉलवाल्यांचा फोन आला. हीटिंग बंद पडलं होतं, हॉल मिळणार नव्हता. साठ माणसं येणार होती आणि काकूंच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीनं वीस बसली असती. काकूंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "मृणाल, त्यांचा तो तंबू काढ." पिशवी अडीच आठवडे बंद होती. गॅरेजचं दार आतून लावून मी चेन उघडली. वास आला. पसरत गेले तशी एक भिंत दिसली, खालच्या कोपऱ्यात परातीएवढी काळी बुरशी, बारीक ठिपक्यांची. मरणाऱ्या माणसाशी मी तंबूवरून खोटं बोलले होते, आणि ते आता साठ लोकांसमोर उभं राहणार होतं.

आदल्या दिवशी ग्रॅहम काठ्या तपासायला आला, तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. आयुष्यात एका दमात इतकं मी कधी बोलले नव्हते. त्यानं डाग बघितला, मग मला समोरच्या कोपऱ्यात नेलं. तिथेही एक डाग होता, जुना, घासून फिका झालेला. "पहिल्या वर्षाचा," ग्रॅहम म्हणाला. "आठवडाभर ओला ठेवला होता त्यानं. आम्हाला कुणाला सांगितलं नाही. चार वर्षं त्याच्यावर कोट टांगत होता. मी कोट उचलला तेव्हा मला म्हणाला, त्या मुलीला सांगू नकोस, ती फार शिस्तीची आहे."

मी इतकी हसले, की काकू बाहेर आल्या. मग त्याही डाग बघून म्हणाल्या, "आणि मला सांगायचे, नायलॉन वाईट, हा जन्मभर टिकेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. विहारातली मंडळी लवकर आली आणि प्रत्येकाला तंबू कसा लावतात हे माहीत होतं, प्रत्येकाला वेगळं. दोघं दोरी एकाच बाजूला ओढत होते. ज्यांनी पंचशिलाबद्दल विचारलं होतं ते ज्येष्ठ काठी धरून मला म्हणाले, "बेटा, आता काय करायचं?" मी तोंड उघडलं, आणि जो आवाज निघाला तो जयाबेनच्या खिडकीपर्यंत गेला. "आधी मधली! आजोबा, तुम्ही सोडा! ग्रॅहम, ओढ!" तंबू उभा राहिला. माझ्या कोपऱ्यावर मी माझा कोट टांगला. चूल पेटली, आत उबारा आला, वंदना झाली. साठ माणसं आत मावली. बारा जणांच्या तंबूत, खांद्याला खांदा लावून, पण एकही बाहेर उभं राहिलं नाही. जयाबेनसुद्धा आल्या. पिठलं मी केलं होतं, थोडं खाली लागलं. ग्रॅहमनं तीनदा घेतलं.

आता तो तंबू काकूंच्या घरात जिन्याच्या कठड्यावर वाळतोय. एक टोक वरच्या बाथरूमपाशी, दुसरं टोक पुढच्या दारात. काकू रोज त्याच्याखालून वाकून स्वयंपाकघरात जातात.

"अगं, पाच दिवस झाले. वाळला आता."

"बघते," मी म्हणते, आणि शिवण गालाला लावते. कोरडी आहे. कालही कोरडीच होती.

"काय म्हणतेय?"

"अजून थोडी ओली आहे, काकू."

"बरं, राहू दे मग," त्या म्हणतात, आणि वाकून आत जातात.